मोपा विमानतळ आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन

कोणत्याही मोठ्या प्रकल्पाच्या परिणामांचा, तो उभा राहण्यापूर्वीच अभ्यास करण्याच्या प्रक्रियेस पर्यावरणीय आघात मूल्यांकन असे म्हणतात. प्रकल्पाशेजारी संरक्षित अथवा संवेदनशील क्षेत्र असल्यास या अभ्यासाचे महत्त्व अधिकच वाढते. कारण जमिनीची मोजणी कुंपणापाशी थांबत असली, तरी पाणी, धूळ, आवाज आणि वन्यप्राणी यांना ते कुंपण ठाऊक नसते. उत्तर गोव्यातील मोपा विमानतळाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

अशा मूल्यांकनाला प्रथम कायद्याचे स्वरूप मिळाले ते अमेरिकेत. तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी अस्तित्वात आला. भारतात पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली अधिसूचना निघाली आणि तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. या अधिसूचनेनुसार प्रक्रियेचे चार टप्पे आहेत. पहिला छाननीचा, दुसरा अभ्यासाची व्याप्ती ठरविण्याचा, तिसरा जनतेशी विचारविनिमयाचा आणि चौथा तज्ज्ञ समितीकडून होणाऱ्या परीक्षणाचा.

या सर्व टप्प्यांचा पाया म्हणजे प्रकल्पकर्त्याने अर्जासोबत भरावयाचे 'प्रपत्र १'. प्रकल्पाच्या सीमेपासून १५ किलोमीटरच्या हवाई अंतरात कोणती संरक्षित क्षेत्रे, वने, पाणथळ जागा आणि वन्यजीवांचे अधिवास आहेत, हे त्यात नमूद करावे लागते. ही माहिती दडविल्यास किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते.

मोप्याचे पठार

मोपा हे गाव पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा आणि सावंतवाडीचा परिसर लागतो. येथील पठार जांभ्या खडकाचे आहे. कोकण आणि गोव्यात अशा पठाराला 'सडा' म्हणतात. उन्हाळ्यात उजाड दिसणारा सडा पावसाळ्यात पाणी मुरवून घेतो आणि तेच पाणी पुढे पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येते. त्यामुळे पठारावर काय बांधले जाते, याच्याशी खालच्या गावांतील विहिरी, बागायती आणि शेतीचा थेट संबंध असतो.

सीमेपलीकडील भाग पश्चिम घाटाशी जोडलेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिले. त्यानंतर केंद्र सरकारने १० मार्च २०१४ रोजी परिस्थितिकीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची प्रारूप अधिसूचना काढली. त्यात सिंधुदुर्गातील गावांचाही समावेश होता.

मंजुरी आणि न्यायालयीन लढा

१ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रकल्पाची जनसुनावणी झाली आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २८ ऑक्टोबर २०१५ रोजी मंजुरी दिली. तिला दिलेले आव्हान राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांच्या पीठाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरीस स्थगिती देऊन तज्ज्ञ समितीला फेरविचाराचा आदेश दिला.

प्रपत्र १ मध्ये परिसरातील वने आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती पूर्णपणे दिली नव्हती, हा न्यायालयाचा प्रमुख आक्षेप होता. तोडावयाच्या ५४,६७६ झाडांचा प्रश्नही न्यायालयासमोर होता. तज्ज्ञ समितीने आपल्या शिफारशीची पुरेशी कारणे दिली नाहीत, असेही पीठाने म्हटले. विकास नको, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. मात्र निर्णय पूर्ण आणि खऱ्या माहितीवर आधारलेला असावा, हा त्या निकालाचा गाभा आहे.

समितीने फेरविचार करून अतिरिक्त अटींसह शिफारस केली. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली आणि अटींच्या पालनावर देखरेखीचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजेच 'नीरी'कडे सोपविले. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानसेवा सुरू झाली. मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ त्याला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव देण्यात आले.

सीमेपलीकडचा परिणाम

एका देशातील प्रकल्पाचा परिणाम शेजारच्या देशावर होत असेल, तर त्याला आधी कळवावे आणि त्याचे मत घ्यावे, असा करार १९९१ मध्ये फिनलंडमधील एस्पो येथे झाला. देशांतर्गत राज्यांच्या सीमेबाबतही तोच विचार लागू पडतो. प्रपत्रातील १५ किलोमीटर अंतर प्रकल्पापासून मोजावयाचे असते आणि राज्याची हद्द लागली म्हणून ते संपत नाही.

मोप्याच्या प्रकरणात मंजुरी आणि सर्वोच्च न्यायालयाचा पहिला निकाल यांत सुमारे साडेतीन वर्षांचे अंतर होते. एवढ्या काळानंतर झालेला फेरविचार आरंभीच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच अहवालाच्या मसुद्याचे वाचन महत्त्वाचे ठरते. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि मसुद्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. लेखी हरकतीही नोंदविता येतात आणि अंतिम अहवालात त्यांची दखल घेणे बंधनकारक असते. मंजुरीनंतर हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते. गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांसाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुणे येथे आहे.