लेखकाचा रविवार

रविवार आपल्याला सूर्यचंद्राइतका जुना वाटतो. सकाळी उशिरा उठावे, दुपारी रश्श्यावर ताव मारावा आणि मग चांगली ताणून द्यावी, हा जणू पूर्वजांनी घालून दिलेला कुळाचारच! पण वाचकहो, मुंबईच्या गिरणी कामगाराच्या रविवाराला जन्मतारीख आहे. ती १० जून १८९०.

त्यापूर्वी सूर्य उगवताना गिरणीत शिरायचे आणि तो मावळल्यावर बाहेर पडायचे, हा शिरस्ता होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्या काळी ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातली पहिली मागणी आठवड्याच्या सुटीची होती. पुढे सहा वर्षे खटपट चालली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले; दोन स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. तेव्हा कुठे मालकांच्या संघाने रविवारची सुटी कबूल केली, आणि दुसऱ्याच वर्षी ती कायद्यात आली. तेव्हा ज्याला आपण आराम म्हणतो, तो कुणी दान दिलेला नाही. तो मागून, भांडून, सह्या गोळा करून मिळवलेला आहे.

आता मौज पाहा. ज्या साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला, त्याच १८९० साली पुण्याला हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले. म्हणजे कामगाराच्या मानेवरचे जू आठवड्यातून एक दिवस उतरले, आणि मराठी कादंबरीकाराच्या मानेवर दर आठवड्याचे जू चढले! ‘पण लक्षांत कोण घेतो’ ह्याच पत्रातून क्रमशः आली. सुमारे सत्तावीस वर्षे हरिभाऊंनी हा व्याप ओढला. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, ह्याचे नवल नाही. इतक्या पुऱ्या कशा झाल्या, ह्याचे नवल आहे.

त्यांच्या आधीचे विष्णुशास्त्री चिपळूणकर तर आमच्या शिक्षकी धंद्यातले. १८७४ पासून सात वर्षांत ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक त्यांनी काढले, आणि मजकूर जवळजवळ सारा एकहाती. त्यातच नोकरी सोडली, शाळा काढली, छापखाना उभारला, ‘केसरी’ सुरू केला. १८८२ च्या मार्चमध्ये तापाने ते गेले, तेव्हा वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. त्यांना कामाने मारले असे मी म्हणणार नाही. पण त्या आयुष्यात रविवार शोधू गेलो, तर मला तो सापडत नाही.

कामगाराला मालक असतो, म्हणून त्याला अर्ज करायला जागा असते. लेखकाने अर्ज कुणाकडे करावा? मालकही तोच, मजूरही तोच, आणि हजेरी मांडणारा मुकादमही तोच. शिवाय भीती पोटाची असते. नुसत्या लेखणीवर जगणाऱ्याचा एक अंक चुकला, तर मानधन चुकते. दोन चुकले, तर संपादकाला नाव आठवत नाही. मला शाळेचा पगार आहे, म्हणून हे धाडसाने लिहितो. तरी आमच्याही घरी शाळेला सुटी लागली, की लेखनाची पाळी सुरू होते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला. त्या प्रथेने वाचकांची दिवाळी गोड झाली आणि लेखकांचा सारा पावसाळा कामाला लागला!

नेमक्या ह्याच पावसाळ्यात द्रोणागिरीच्या पायथ्याला, करंजाच्या कोळीवाड्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. आता सरकारी बंदी आहे. पण बंदीच्या कितीतरी आधीपासून कोळ्याने हा विसावा पाळला. समुद्र खवळलेला, मासळीच्या विणीचे दिवस. अशा वेळी जाळे टाकले, तर जीवही जाईल आणि पुढल्या साली मासळीही मिळणार नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, की मगच मासेमारीचा नवा हंगाम. इकडची मिठागरेही पावसात अशीच बंद राहत. पुढे १९८९ साली शेजारी न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. त्याला ऋतू नाही, रात्र नाही. कंटेनरांची वाहतूक अखंड चालते.

लेखकाने ह्या दोन शेजाऱ्यांपैकी कोणाचा धडा घ्यावा? मला वाटते, कोळ्याचा. त्याच्या विसाव्यात दोन गुण आहेत. एक, त्याला आरंभ आणि शेवट ठरलेला आहे. ‘काम संपले की बसू’ असे तो म्हणत नाही, कारण समुद्राचे काम संपत नाही. दुसरा, तो साऱ्या गावाला ठाऊक असतो. त्या दिवसांत ताजी मासळी का नाही, म्हणून कोणी त्याच्याशी भांडत नाही.

म्हणून गेली काही वर्षे मी एक नेम केला आहे. धनत्रयोदशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लेखणी बंद. संपादकांना आधी पत्राने कळवतो. त्यापायी एखादे काम हातचे जाते, घरखर्चाला थोडा ताण पडतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसांत मुलांचा कंदील मी चिकटवतो, बायकोबरोबर बाजारात जातो, आणि दुसऱ्यांचे लिखाण निव्वळ वाचक म्हणून वाचतो.

लोखंड्यांनी कामगारांचा रविवार सहा वर्षे झगडून मिळवला. लेखकाला झगडायचे ते फक्त स्वतःशी. पण हा मालक गिरणीवाल्यांपेक्षाही चिवट आहे, बरे का!