गीतरामायणाची दोन रूपे आणि मुंबईचा मराठी श्रोता

१

आपलीच गाजलेली कृती कर्त्याने काही वर्षांनी अधिक साध्या रूपात पुन्हा मांडली म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन पक्ष पडतात, हा अनुभव एका देशाचा वा एका काळाचा नाही. आयर्लंडमधील 'यू टू' या रॉक वाद्यवृंदाने २०२३ साली आपली चाळीस जुनी गाणी मोजक्या वाद्यांवर, संथ लयीत नव्याने ध्वनिमुद्रित केली, तेव्हा काहींना त्यांत शब्दांचा अर्थ प्रथमच उमगला, तर काहींना मूळ गाण्यांतील जोम हरपल्यासारखे वाटले. मराठी संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गीतरामायण होय. त्याची दोन रूपे कशी सिद्ध झाली, आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांतील श्रोत्याजवळ त्यांचा निवाडा करण्याचे कोणते संस्कार होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली यांतून साकारलेले गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, म्हणजे रामनवमीस, प्रसारित करण्यास आरंभ केला. दर आठवड्यास एक नवे गीत, असा तो क्रम होता. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्यामुळे रामनवमी ते रामनवमी हा काळ लांबला आणि गीतांची संख्या छप्पन्न झाली. अखेरचे गीत १९ एप्रिल १९५६ रोजी प्रसारित झाले. पुढे १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ही गीते पुस्तकरूपाने काढली.

या पहिल्या रूपाचे मुख्य लक्षण कंठांची विविधता हे होय. रामाची गीते स्वतः फडके गात. सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके अशी योजना होती. यांखेरीज वसंतराव देशपांडे, राम फाटक, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर, मालती पांडे, योगिनी जोगळेकर इत्यादींचे कंठ त्यात होते. आकाशवाणीचा श्रोता काही पाहू शकत नाही. पात्र बदलले हे त्याला कंठावरूनच कळावयाचे. म्हणून हे पहिले रूप नभोनाट्याच्या धर्माला अनुसरून होते.

दुसरे रूप प्रत्यक्ष सादरीकरणांतून घडले. प्रसारण संपल्यानंतर फडके गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम करू लागले. त्यात ते स्वतः पेटीवर बसून, तबला आणि मोजक्या वाद्यांच्या साथीवर, दशरथापासून शूर्पणखेपर्यंत सर्व पात्रांची गीते एकटेच गात. पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने सर्व छप्पन्न गीते त्यांच्याच कंठातून ध्वनिमुद्रित केली. प्रथम लाँगप्ले तबकड्या आणि नंतर कॅसेटींचा संच यांच्या रूपाने ती घरोघरी गेली. पुणे केंद्राच्या पोटी जन्मलेले गीतरामायण मुंबईत रुजले ते मुख्यतः या दुसऱ्या रूपात. फडके दादरचे रहिवासी होते. सभागृहांतून, गणेशोत्सवाच्या मांडवांतून आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून ऐकू येई तो त्यांचाच एकटा कंठ.

३

या दुसऱ्या रूपाविषयीच्या मतभेदाचे मर्म कळण्यासाठी मुंबईच्या श्रोत्याच्या कानावर कोणते संस्कार झालेले होते ते पाहिले पाहिजे. असे तीन संस्कार सांगता येतील.

पहिला कीर्तनाचा. गिरगावातील देवळांतून रामनवमीचे कीर्तन ऐकणाऱ्या श्रोत्याला एकाच बुवाने दशरथाचा शोक आणि लगेच कैकेयीचा हट्ट बोलून दाखविणे मुळीच विचित्र वाटत नसे. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची भजनी मंडळे हाच संस्कार निराळ्या रीतीने जोपाशीत. तेथेही बुवा पेटीवर बसून गातो, पखवाज साथ करतो, आणि मागची मंडळी ध्रुवपद उचलून धरतात. या श्रोत्याच्या दृष्टीने पेटीवर बसलेला एकटा गायक ही मूळ चीज होती. तिच्यात काही उणे केले आहे असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरा संस्कार नाट्यसंगीताच्या तबकड्यांचा. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) पदे रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत घेत लांबत. तीच पदे जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागत. नाटकगृहातील गाणे आणि तबकडीतील गाणे या दोन भिन्न वस्तू आहेत, एकीवरून दुसरीची केवळ कल्पना करावयाची असते, ही जाणीव या श्रोत्याला आधीपासूनच होती. ध्वनिमुद्रिका ऐकून 'आम्ही ऐकले ते हे नव्हे' असे म्हणण्याची सवय मराठी रसिकाला गीतरामायणाच्या फार आधी जडलेली आहे.

तिसरा संस्कार या दोहोंच्या उलट दिशेचा आहे. स्त्रीभूमिका पुरुषाने करावी ही रीत बालगंधर्वांनी कळसास नेली हे खरे, परंतु तिचा अस्तही याच शहराने पाहिला. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर'चे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांच्या गायनाने स्त्रीचे गाणे स्त्रीच्या कंठातून ऐकण्याची गोडी लागली. १९५५ साली जो श्रोता तिशीत होता, त्याच्या दृष्टीने स्त्रीचे दुःख स्त्रीने गावे हा स्वाभाविक नियम झालेला होता. आकाशवाणीवरील रूप या नियमास धरून होते. एककंठी रूपाने तो मोडला.

४

या संस्कारांच्या प्रकाशात दोन्ही पक्षांची भूमिका नीट मांडता येते.

मूळ प्रसारणाचा पुरस्कार करणारा पक्ष असे म्हणतो की, अनेक कंठांमुळे प्रत्येक पात्राला स्वतंत्र व्यक्तित्व लाभले होते. अहल्या, शबरी, कौसल्या, शूर्पणखा या एकमेकींहून सर्वस्वी भिन्न स्त्रिया आहेत. त्या सर्वांना एकच पुरुषकंठ दिला की त्यांच्यातील भेद चालीपुरता आणि शब्दांपुरता उरतो. शिवाय फडक्यांचा कंठ हा मूळ प्रसारणात रामाचा कंठ म्हणून मनावर ठसलेला. अखेरच्या भागात वनात सोडलेली सीता लक्ष्मणाजवळ आपली व्यथा मांडते. एककंठी रूपात ही व्यथाही त्याच कंठातून ऐकू येते. म्हणजे जिने रामाविषयी तक्रार करावयाची, तिची तक्रार रामाच्याच आवाजात! हा आक्षेप गायकाच्या योग्यतेवर नाही, योजनेवर आहे, आणि तो क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या पक्षाचे उत्तरही तितकेच भक्कम आहे. माडगूळकरांच्या रचनेची चौकटच मुळी कथनाची आहे. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामायण गात आहेत हे निवेदन येते, आणि अखेरच्या गीतात वाल्मीकी त्या बालकांना कसे गावे याचा उपदेश करून पाठवितात. तेव्हा मधली सारी गीते ही पात्रांची प्रत्यक्ष भाषणे नसून गायकांच्या मुखातून आलेली भाषणे होत. संगीताची मांडणीही याला पोषक आहे. आरंभ भूपाने आणि शेवट भैरवीने, हा क्रम मैफलीचा आहे, नाटकातील प्रसंगांचा नव्हे. या दृष्टीने पाहता एकट्या कथेकऱ्याने सर्व गाणे म्हणजे रचनेच्या मूळ हेतूकडे परतणे होय. वाद्यांचा पसारा कमी झाल्याने शब्द अधिक स्पष्ट झाले, हा लाभ निराळाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सीतेच्या त्याच गीताला ही चौकट लावली असता अर्थ पालटतो. त्या व्यथेला वाचा फोडणारे तिचे पुत्र आहेत, आणि ऐकणारा राम आहे. आईची तक्रार मुलांच्या तोंडून बापाच्या कानी पडते, आणि ही मुले कोण हे त्या बापाला ठाऊक नाही. असे ऐकले म्हणजे पुरुषकंठ हा दोष न राहता त्या प्रसंगाची धार बनतो. तथापि हा अर्थ चौकटीचे सतत स्मरण ठेवणाऱ्या श्रोत्यालाच लाभणार. सुटे गीत सकाळी कॅसेटवर ऐकणाऱ्याला ती चौकट दिसत नाही, आणि त्याच्या बाबतीत पहिल्या पक्षाचा आक्षेप पुन्हा उभा राहतो.

५

यावरून असे दिसते की, हा वाद केवळ नव्याजुन्याचा नाही. गीतरामायण हे नाट्य की कथन, या प्रश्नाचा तो वाद आहे, आणि दोन्ही उत्तरांना कृतीतच आधार आहे. नभोवाणीने त्यातील नाट्य उचलून धरले, फडक्यांच्या बैठकीने त्यातील कथन. ज्या श्रोत्याचा कान कीर्तन-भजनावर घडला त्याला दुसरे रूप आपले वाटावे, आणि ज्याचा कान नव्या रंगभूमीवर घडला त्याला पहिले, हे स्वाभाविकच होय. एकाच श्रोत्याच्या ठायी दोन्ही संस्कार असणे हेही मुंबईत दुर्मिळ नव्हते. अशा श्रोत्याचे मत द्विधा असले तर त्यास रसिकतेचा अभाव म्हणू नये.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक धोक्याची सूचना मिळते. जे रूप विकत मिळू लागले तेच पुढील पिढीच्या लेखी मूळ ठरले. साठीनंतर जन्मलेल्या असंख्य मराठी माणसांच्या स्मरणात गीतरामायण म्हणजे सुधीर फडके यांचा कंठ एवढेच समीकरण आहे. सीतेला माणिक वर्मांचा आणि कौसल्येला ललिता फडके यांचा कंठ होता, ही गोष्ट त्यांना वाचून कळते. फडक्यांनी (१९१९–२००२) कोणाचे नाव पुसण्यासाठी असे केले नाही. ध्वनिमुद्रिकेच्या प्रसाराचा तो परिणाम आहे. तरीही ज्यांचे योगदान लोकस्मृतीतून मागे पडले त्यांत गायिकांचा वाटा मोठा आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

म्हणून मुंबईच्या संगीतस्मृतींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'गीतरामायण आवडले का' एवढेच विचारून थांबू नये. प्रथम केव्हा ऐकले, आकाशवाणीवर, मांडवात की कॅसेटवर, आणि सीता कोणाच्या कंठातून ऐकली, हे तीन प्रश्न आवर्जून विचारावेत. उत्तर देणारा कोणत्या गीतरामायणाविषयी बोलत आहे हे त्याखेरीज कळणार नाही, आणि ते कळल्यावाचून त्याच्या पसंती-नापसंतीची नोंद इतिहासाच्या कामी येणार नाही.