भूल देणाराचा श्वास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथरची वाफ हुंगविली आणि शस्त्रवैद्य वॉरेन यांनीं त्याच्या गळ्यावरील गांठ फारशा वेदनेवांचून कापली. त्या दिवसाचें गुणगान पुष्कळ झालें आहे, व तें योग्यच आहे. परंतु वाफ कांहीं रोग्याचें नाक ओळखून तेवढ्यांतच शिरत नाहीं. ती खोलीभर पसरते. रोगी आयुष्यांत एकदां-दोनदां बेशुद्ध होतो. भूल देणारा डॉक्टर व जवळची परिचारिका यांना तीच हवा रोज घ्यावी लागते. या साध्या गोष्टीची पद्धतशीर चौकशी व्हावयास जवळजवळ सव्वाशें वर्षें लागलीं!

क्लोरोफॉर्मनें मात्र इशारा लवकरच दिला होता. तेव्हां शस्त्रक्रियागृहांत गॅसचे दिवे असत. क्लोरोफॉर्मची वाफ ज्योतीवर गेली कीं तिचें विघटन होऊन फॉसजीन निर्माण होई. हाच विषारी वायु पुढें पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडला गेला. रात्रीच्या शस्त्रक्रियेंत सारी मंडळी खोकून बेजार होत. तरीहि १८८८ व १८८९ सालीं निजामाच्या आश्रयानें हैदराबादेस क्लोरोफॉर्मविषयीं ज्या दोन समित्या बसल्या, त्यांचा वाद एवढाच, कीं भूल दिलेल्याचा श्वास आधीं थांबतो कीं हृदय. भूल देणाराच्या श्वासाची विचारपूस तेथें झाली नाहीं.

ईथर ठिणगीनें पेट घेई, म्हणून त्याचें भय असे. १९५६ सालीं इंग्लंडांत हॅलोथेन वापरांत आलें. तें पेटत नसे, वासहि गोडसर. भय गेलें, आणि उरलेली वाफ खुशाल खोलींत सुटूं लागली.

१९६७ सालीं सोव्हिएट रशियांतील वैस्मन यांनीं भूल देणाऱ्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. डोकेदुखी व थकवा या तक्रारी होत्याच. पण स्त्री-डॉक्टरांच्या ३१ गर्भारपणांपैकीं १८ गर्भपातांत संपलीं होतीं. इतक्या थोड्या संख्येवरून सिद्धांत बांधूं नये, हें गणिताचा सामान्य विद्यार्थीहि सांगेल, आणि पुढील संशोधकांचें यावर एकमत झालें नाहीं हेंहि खरें. परंतु त्या अठरा गर्भपातांच्या दुःखानें जगांतील रुग्णालयांना हवा मोजावयास लावलें. १९७७ सालीं अमेरिकेच्या सरकारी संस्थेनें मर्यादा सुचविली: हवेच्या दहा लक्ष भागांत नायट्रस ऑक्साइड २५ भाग, व हॅलोथेनसारखीं द्रव्यें २ भाग, याहून अधिक नसावीं.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्यांचा आवडता हसविणारा वायु, शरीरांतील बी-१२ जीवनसत्त्वास निकामी करतो, आणि रक्त तयार होण्यास तें अवश्य असतें. १९९२ सालीं अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या मदतनीस स्त्रियांविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उरलेला वायु ओढून घेणारी नळी जेथें नव्हती आणि आठवड्यास पांच तास वा अधिक वेळ काम या वायूंत चाले, तेथील स्त्रियांना गर्भ राहण्यास अधिक काळ लागे. जेथें ती नळी बसविलेली होती, तेथें असा फरक आढळला नाहीं.