ओट्याला नकाशात जागा

मराठीतला ‘ओटा’ गुजरातीत ‘ओटलो’ होतो आणि माळव्यात ‘ओटला’. तमिळमध्ये त्याच्या जागी ‘तिण्णै’ आहे, कन्नडमध्ये ‘जगली’, बंगालीत ‘रोयाक’. बांधणीत फरक आहेत, पण जागा तीच आहे: दाराबाहेरची, धड घरात नाही आणि धड रस्त्यावरही नाही अशी. भारतीय भाषांमध्ये अनुवाद करताना हा शब्द मला फारसा अडवत नाही. इंग्रजीत नेताना मात्र दर वेळी तळटीप द्यावी लागते. नगररचनेचा इतिहास वाचू लागले तेव्हा लक्षात आले की ही अडचण केवळ शब्दकोशाची नाही. नकाशात घर असते, रस्ता असतो, मधल्या या जागेला सहसा नावच नसते. त्यामुळे रस्ता रुंद करायची वेळ आली की ती ‘अतिक्रमण’ ठरते.

सर्व वयांच्या माणसांना राहता येईल असे शहर कसे असावे, यावर आज बरेच लिहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीच्या शहरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. दिल्ली आणि उदयपूर यांच्यासह ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून तिने आठ विषय ठरवले. त्यांत वाहतूक, घरे आणि मोकळ्या जागा जशा आहेत, तसाच वृद्धांना मिळणारा मान आणि समाजातला त्यांचा सहभागही आहे. पण आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास त्याहून जुना आहे आणि त्याचे दोन महत्त्वाचे टप्पे होळकरांच्या इंदुरात सापडतात.

पहिला टप्पा पॅट्रिक गेडिस यांचा. हे स्कॉटिश गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ मध्ये ते भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवले. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी त्यांनी तयार केलेला इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८चा आहे. त्या काळचे अभियंते दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता कापत आणि त्याला सुधारणा म्हणत. गेडिस गल्लीगल्लीतून पायी हिंडत. पडकी घरे काढावीत, तिथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, विहीर आणि देऊळ सांभाळावे, बाकीची वस्ती जागच्या जागी राहू द्यावी, अशी त्यांची रीत होती. शल्यवैद्याने शक्य तेवढा अवयव वाचवावा तशी.

इंदुरात तेव्हा प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक मागून घेतली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथली घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. मिरवणुकीत प्लेगचा एक भला थोरला उंदीर होता आणि सफाई कामगारांना मानाची जागा होती. या हकिकतीत नाट्य आहेच, पण मला तिच्यातला हिशोब महत्त्वाचा वाटतो. गल्ली झाडायची, भिंती रंगवायच्या, अडगळ काढायची तर एकट्या कर्त्या पुरुषाने भागत नाही. आजीपासून नातवापर्यंत घरातले सगळे हात लागतात. ज्यांना एरवी कोणी योजना दाखवायला जात नाही, तेही त्यामुळे शहर घडवण्यात आले.

दुसरा टप्पा अरण्य या वसाहतीचा. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ती १९८०च्या दशकात आखली. क्षेत्र सुमारे ८५ हेक्टर, भूखंड सुमारे ६,५००; त्यांतले बहुसंख्य सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. दोशी यांचा जन्म पुण्याचा, १९२७चा. वाढत्या कुटुंबाबरोबर खोल्या आणि मजले वाढत जाणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या घरात ते लहानाचे मोठे झाले. अरण्यमध्ये त्यांनी गरिबांना पूर्ण घर दिले नाही. जोते, न्हाणी-संडास आणि फार तर एक खोली दिली. पुढचे बांधकाम कुटुंबाने आपल्या ऐपतीने आणि गरजेने करायचे. मुलाचे लग्न झाले की बाहेरून जिना काढून वर खोली चढवता येते. म्हाताऱ्यांना खालची जागा सोडावी लागत नाही. रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक अरुंद पट्टीही मुद्दाम राखली होती, ओटला आणि जिना यांच्यासाठी. १९९५ मध्ये या प्रकल्पाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

अरण्यचे सगळेच ठरल्याप्रमाणे झाले असे नाही. नमुन्यादाखल बांधलेली बरीच घरे पुढे बदलली, काही ठिकाणी मूळ कुटुंबे जाऊन अधिक ऐपतीची आली. तरी ती अरुंद पट्टी मला मोलाची वाटते. आपल्या जुन्या शहरांत ओटा रिवाजाने टिकला होता. इथे तो नकाशात आला, म्हणजे त्याला हक्क मिळाला.

हा हक्क कोणाला लागतो? दिवसाचा बराच वेळ घराच्या आसपास काढणाऱ्यांना. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना बागेपर्यंत जाता येत नाही. ओट्यापर्यंत येता येते. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पोरे खेळतात, भाजी निवडणाऱ्या बाईला सोबत होते. त्यासाठी कोणाला ठरवून भेटावे लागत नाही. नव्या गृहसंकुलांत ज्येष्ठांचा कट्टा एका कोपऱ्यात, मुलांची घसरगुंडी दुसऱ्या कोपऱ्यात आणि दारापुढची जागा मोटारींना, अशी वाटणी असते. प्रत्येक वयाला सोय मिळते, पण एका वयाला दुसऱ्याचा शेजार मिळत नाही.

जुन्या पेठांमधले रस्ते आजही रुंद होत आहेत. काही ठिकाणी ते करावे लागेलही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत जायलाच हवी. पण मोजणीला येणारे लोक रस्त्याची रुंदी आणि वाहनांची संख्या लिहून घेतात. त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा: इथे ओटे किती आहेत, त्यांवर सकाळ-संध्याकाळ कोण बसते आणि ते गेले तर ही माणसे कुठे बसतील.