माळ्यावरच्या तबकड्या

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या रत्नागिरीत एक लहानसे उत्खननच असते. चार महिन्यांच्या पावसाने घराच्या कोनाकोपऱ्यांत ओल मुरलेली असते. नवरात्र आटोपले की माळ्यावरचे सामान अंगणात येते आणि त्याला ऊन दाखवले जाते. आमच्याकडे त्या सामानात एक पत्र्याची पेटी असते. तीत आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत. घरात त्यांना ‘प्लेटा’ म्हणत. दरवर्षी कोणीतरी म्हणतो, “ही अडगळ भंगारवाल्याला तरी द्या,” आणि दरवर्षी माझी आत्या, जी आता नव्वदीला टेकली आहे, त्या पेटीवर हात ठेवून बसते. यंदा मी ठरवले की वर्ष सरण्याआधी ही पेटी नीट ऐकून काढायची. त्यात जे सापडले त्याची शिफारस वाचकांकडे करावी, एवढ्यासाठी हा लेख.

कोकणात ग्रामोफोन रुजला याचे कारण अगदी साधे आहे. त्याला वीज लागत नव्हती. मुंबईचा चाकरमानी बोटीने घरी येताना ट्रंकेबरोबर ते खोकेही घेऊन येई. कंदिलाच्या उजेडात चावी भरावी, पोलादी पिन बदलावी आणि ओटीवर माणसे जमवावीत. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. ती बनत असे मुख्यतः लाखेची. दगडाची पूड आणि काजळी घालून ती लाख साच्यात दाबत. आपल्याच रानातल्या किड्याची लाख विलायतेस जाई आणि तबकडी होऊन परत येई. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा छापण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हरला होत असे. पुढे कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना निघाला. १९२५ नंतर मायक्रोफोन येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. तेव्हा त्या काळची तबकडी ऐकताना आवाज कोंडलेला वाटला, तर दोष गायकाला देऊ नये.

आमच्या पेटीतला खरा मानकरी म्हणजे रामकृष्णबुवा वझे. बुवा सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. ग्वाल्हेरीस निसार हुसेन खाँसाहेबांकडे विद्या मिळवून ते परतले आणि १९४५ साली पुण्यात वारले. त्यांचा आवाज गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कोणी पहिल्या अर्ध्या मिनिटातच उठायचा. तो जाड आहे, खरखरीत आहे. पण त्यांचा तिलककामोद लावा आणि तीन मिनिटे बसून राहा. मैफलीत तासभर मांडायचा राग या माणसाने इतक्या थोड्या जागेत बसवला आहे, आणि तरी कुठे घाई नाही. पहिल्या दोनचार स्वरांतच रागाचे तोंड ओळखता येते आणि मग लयीशी जी झटापट सुरू होते ती शेवटपर्यंत सैल पडत नाही. आजच्या पिढीला अब्दुल करीम खाँ ठाऊक असतात, बालगंधर्व ठाऊक असतात. वझेबुवांचे नाव मात्र पुस्तकातच उरले आहे. आम्हा कोकणवाल्यांनी तरी असे होऊ द्यायला नको होते.

बुवांचा दुसरा वारसा रंगभूमीवर आहे. ‘ललितकलादर्श’ आणि ‘बळवंत संगीत मंडळी’ या दोन्ही मंडळ्यांच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. ‘बळवंत’ १९१८ साली निघाली. तिचे आधारस्तंभ मास्टर दीनानाथ मंगेशकर. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक या मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गळा दीनानाथांचा. नाटककाराला सरकारी परवान्यावाचून जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती, पण त्याची पदे तबकडीवर बसून गावोगाव गेली आणि रत्नागिरीच्या ओटीवरही आली. आज दीनानाथांची ओळख ‘लतादीदींचे वडील’ अशी करून दिली जाते. हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तबकडीत ऐकू येतो तो विजेसारखा लखलखणारा, कडेलोटाच्या टोकावर बेफिकीर उभा असलेला आवाज दुसऱ्या कोणाची ओळख सांगत नाही. १९४२ साली, वयाच्या ४१व्या वर्षी, तो थांबला.

बाकीचे थोडक्यात सांगतो. सुंदराबाई जाधवांच्या तबकड्या अवश्य मिळवा. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील पदांच्या चालींमागे त्यांची लावणी-ठुमरी आहे, हे त्यांना ऐकल्यावर सांगावे लागत नाही. शांतारामबापूंच्या ‘माणूस’मधली (१९३९) आई त्याच. आणि केसरबाई केरकर. त्या गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही काळ त्याही वझेबुवांकडे शिकल्या, पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घालून आकाशात सोडली. ती तबकडी मिनिटाला अवघे १६⅔ फेरे घेते, आणि वाजवायची पिन सोबत दिली आहे! परग्रहावरच्या रसिकांची एवढी सोय झाली. आपण मात्र घरबसल्या ऐकायचा कंटाळा करतो.

आता एक घरचे दुःख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या एका काकांना हे माहीत नव्हते. बुरशी दिसली म्हणून त्यांनी मोठ्या निगुतीने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दीनानाथांची एक तबकडी कायमची मुकी केली. कोणाकडे अशा तबकड्या असतील तर मऊ कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचू नयेत. अंगणात ऊन द्यायचे ते पेटीला. तबकडी उन्हात ठेवली की पापडासारखी वाकते.

सुदैवाने संग्राहक मंडळींनी अशा पुष्कळ तबकड्या उतरवून ठेवल्या आहेत. परवा भाच्याने मोबाइलवर तेच मुके झालेले पद शोधून काढले. आम्ही सारे खूश. आत्या मात्र मान हलवीना. “अरे, हे दीनानाथ नव्हेत. जलद चाललंय. आवाज बारीक झालाय बघ.” आजोबा चावी भरल्यावर तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवीत आणि घड्याळ समोर धरून आत्याला फेरे मोजायला बसवीत: २० सेकंदांत २६. जास्त भरले तर वेगाचा स्क्रू मागे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मोजलेले ते फेरे तिच्या कानात अजून तसेच आहेत. भाच्याने कुठलीशी खूण सरकवून वेग जरा कमी केला. ती नाही म्हणाली. आणखी कमी केला. तेव्हा ती हळूच गुणगुणू लागली, आणि आम्ही त्या खुणेपाशी किती आकडा आहे तो एका कागदावर लिहून पेटीत ठेवला.

पेटीत अजून अकरा तबकड्या आहेत. दोघींवरची नावे पुसली गेली आहेत. ते आवाज कोणाचे, हे सांगू शकणारे माणूस आमच्या घरात आता एकच आहे. भाऊबीजेच्या दुपारी, तिची झोप झाल्यावर, त्या लावायच्या ठरले आहे.