ब्लॅकवुड बंधूंच्या तबकड्या

गायक गेल्यावर गायकवृंद उरतो काय? श्रोतेहो, या प्रश्नासाठी आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतील ब्लॅकवुड बंधूंचा इतिहास निवडला आहे.

१९३४ साली मिसिसिपी राज्यात रॉय, डॉयल व जेम्स हे तीन भाऊ आणि रॉय यांचे चिरंजीव आर. डब्ल्यू. अशा चौघांनी ख्रिस्ती भक्तिगीते चार स्वरांत गावयास आरंभ केला. अशा वृंदांना त्या काळी गीतपुस्तकांचे प्रकाशक पाठबळ देत. गाणे ऐकवावे व पुस्तक खपवावे, असा तो व्यवहार होता. पुढे रेडिओने कीर्ती पसरविली. स्वतःच्या तबकड्या काढून झाल्यावर १९५२ पासून आर.सी.ए. व्हिक्टर या बड्या कंपनीसाठी ते गाऊ लागले.

जून १९५४ मध्ये आर्थर गॉडफ्रे यांच्या दूरचित्रवाणी-स्पर्धेत त्यांनी बाजी मारली. पण ३० जून रोजी अलाबामातील क्लँटन येथे आर. डब्ल्यू. चालवीत असलेले विमान कोसळले. ते स्वतः आणि खर्जाचे गायक बिल लाइल्स मृत्युमुखी पडले.

वृंद मात्र मोडला नाही. सेसिल ब्लॅकवुड आणि जे. डी. सम्नर यांनी त्या जागा घेतल्या व ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू झाले. १९६६ सालच्या मुद्रणांसाठीचे ग्रॅमी पारितोषिक त्यांना पोर्टर वॅगनर यांच्यासह मिळाले.

जुन्या तबकडीवर लाइल्स यांचा खर्ज आहे, नंतरच्या तबकडीवर सम्नर यांचा. नाव मात्र दोन्हींवर एकच. वृंद माणसे बदलून जगला; गेलेल्यांचा आवाज तबकडीने राखला. यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही, असे आम्हांस वाटते.