पांढरी भिंत आणि तांबडा पट्टा

घरास गडद रंग द्यावा कीं फिका, हा प्रश्न आज बहुतेक घरीं आवडीनिवडीचा समजला जातो. दिवाळी महिन्यावर आली कीं रंगाच्या दुकानांतून नमुन्यांचें पुस्तक घरीं येतें. वडील मंडळी पांढऱ्याकडे झुकतात, तरुण मंडळी निळ्या-जांभळ्याकडे. आणि शेवटीं दोघांचाही मान राखून एक भिंत गडद व तीन फिक्या असा तोडगा निघतो. परंतु आवडीला एवढी मोकळीक मिळाली ती फार अलीकडे. त्यापूर्वीं कित्येक शतकें भिंतीचा रंग घरधन्याच्या मर्जीपेक्षां पाऊस, चुना आणि उजेड हे तिघे ठरवीत असत. मध्यंतरीं एका काळीं तर तो सरकारनेंही ठरविला. पूर्वींच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतील रोहा हें गांव ही हकीकत समजून घेण्यास विशेष सोयीचें आहे. जांभ्याचीं जुनीं घरें आणि जगभर रंगद्रव्यें पाठविणारा कारखाना, हीं दोन्हीं येथें एकाच तालुक्यांत आहेत.

रोहा कुंडलिका नदीच्या कांठीं वसला आहे. पलीकडच्या तीरावर अष्टमी. हीच नदी पुढें खाडी होऊन रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते, आणि त्या मुखाशीं चौल हें प्राचीन बंदर आहे. पावसाळ्यांत या भागांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. ज्या मुलखांत एवढें पाणी आभाळांतून येतें, तेथें घर बांधणारा प्रथम छपराचा विचार करतो व मग भिंतीचा. म्हणून छपराचीं पाखीं उतरतीं आणि वळचण इतकी खालीं, कीं उंच माणसास वांकूनच पडवींत शिरावें लागे. भिंत भिजूं नये यासाठीं ही योजना. पण जी वळचण पाऊस अडविते, ती ऊनही अडविते. ओटीवर उजेड असे, पडवींत तो निम्म्यावर येई, आणि माजघरांत पोंचेपर्यंत दिवसाढवळ्या समई लावावी अशी स्थिति होई.

या अंधारांत राहत कोण असे, हें लक्षांत घेतल्यावांचून रंगाच्या प्रश्नाचें मर्म कळत नाहीं. पुरुषमाणसांचा दिवस शेतावर किंवा ओटीवर जाई. माजघर आणि स्वयंपाकघर हा बायकांचा मुलूख. भाताच्या कणग्या, लोणच्याच्या बरण्या, जातें आणि पाळणा यांच्या सोबतीनें त्यांचें अर्धें आयुष्य घरांतल्या सर्वांत काळोख्या भागांत सरे. चुलीच्या धुरानें वांसे व तुळया काळ्याभोर होत. बाळंतिणीची खोली तर वारा लागूं नये म्हणून मुद्दाम बंद ठेवीत. जन्मास आलेलें मूल कित्येक दिवस सूर्यप्रकाश पाहत नसे. घरांतील उजेडाची ही वांटणी न्याय्य होती असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां भिंतींकडे वळूं. गरिबाच्या घराची भिंत कारवीच्या कुडाची. ती माती व शेण यांनीं लिंपलेली, म्हणून करड्या-मातकट रंगाची. ऐपतदाराची भिंत जांभ्याची. जांभ्यांत लोहाचा अंश विपुल असल्यामुळें तो मुळांतच तांबडा; पाऊस पिऊन आणखी काळवंडतो. म्हणजे गडद रंग या मुलखांत फुकट मिळे. पांढरा रंग मात्र मेहनतीनें मिळवावा लागे. कोंकणपट्टींत चुनखडीचा दगड दुर्मिळ. तेव्हां खाडींतले शिंपले व कालवांचीं कवचें भट्टींत भाजून चुना करीत. तो पाण्यांत विरवून, वस्त्रगाळ करून, त्यांत थोडा सरस किंवा तांदळाची पेज घालून, नारळाच्या सोडणाच्या अथवा घायपाताच्या वाखाच्या कुंच्यानें सफेती देत. सफेती ओली असतां जवळजवळ पारदर्शक दिसते व वाळतां वाळतां पांढरी होते, हें ज्यांनीं कुंचा हातीं धरला आहे अशा श्रोत्यांस माहीत असेलच. हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून चुना पुन्हां दगड बनतो, आणि भिंतीवर शिंपल्याच्याच जातीचें एक पातळ कवच चढतें.

या चुन्याचा स्वभाव मोठा हेकट. तो स्वतःच पांढरा असल्यामुळें त्यांत कोणताही रंग कालवला तरी फिका पडतो. चुन्याच्या सफेतींतून काळसर निळा किंवा गर्द हिरवा काढणें शक्यच नाहीं. दुसरें असें, कीं तो तीव्र क्षारधर्मी असल्यानें पुष्कळ रंग खाऊन टाकतो. हळदीस चुना लागला कीं ती लाल होते, हें कुंकू करणाऱ्या घरांत पोरासोरांनाही ठाऊक असे. प्रशियन ब्ल्यू नांवाचा विलायती निळा चुन्यांत घातला तर गंजासारखा तपकिरी होतो. टिकतात ते मातीचे रंग: गेरू, काव, पिवळी माती, आणि कोळशाची पूड. यांपैकीं एका तांबड्या मातीचें नांव हुरमुजी. इराणच्या आखातांतील हुर्मुझ बेटावरून तें पडलें, आणि चौल बंदराचा हुर्मुझाशीं जुना व्यापार होता, एवढें सांगितलें म्हणजे भिंतीच्या रंगाला समुद्राचा इतिहास कसा चिकटलेला असतो तें कळून येईल. सफेतींत जी नीळ टाकतात तीही पुष्कळांस वाटतें तशी नीळीच्या झाडाची नव्हे. ती अल्ट्रामरीन. पूर्वीं लाजवर्द नांवाच्या रत्नापासून निघणारा हा निळा सोन्याच्या मोलाचा होता. १८२८ च्या सुमारास फ्रान्स व जर्मनी येथील रसायनज्ञांनीं तो कृत्रिम रीतीनें तयार केला आणि पुढें तो पुडींतून कोंकणच्या वाण्याच्या दुकानापर्यंत आला. चुना त्यास कांहीं करूं शकत नाहीं. किंचित् नीळ टाकली कीं चुन्याचा पिवळेपणा मरतो व भिंत अधिक पांढरी भासते. मोरचूद घातला तर हिरवट-निळी छटा येते, आणि किडामुंगीसही थोडा आळा बसतो.

तेव्हां गडद रंग मातीचा व फिका रंग चुन्याचा अशी ही नैसर्गिक विभागणी होती, आणि कोंकणांतल्या घरानें दोघांसही आपापली जागा नेमून दिली. जोत्यापासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंत गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्याच्यावर सफेती. वळचणीचें पाणी अंगणांत पडून तांबडी माती भिंतीवर उडते; मुलांचे हात, कोंबड्यांचे पंख आणि जमिनींतून चढणारी ओल हीं सारीं त्याच उंचीवर आपली करामत दाखवितात. तांबड्या पट्ट्यावर तांबडा शिंतोडा दिसत नाहीं. त्याच्या वर जेथें डोळा पोंचतो तेथें पांढरा रंग उजेड परत फेंकतो. एवढा शहाणपणा ज्या योजनेंत आहे, तिला केवळ ‘खेड्यांतली रीत’ म्हणणें हा उणा हिशेब झाला. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत याच चुन्याची व कावेची जोडी देवळांच्या भिंतींवर कलारूपास पोंचली: पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन तो ओला असतांनाच नाजूकपणें खरवडीत, आणि खालच्या पांढऱ्यांतून वेली, पक्षी, देवता उमटत. त्या कलेस कावी असेंच नांव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पांढऱ्या रंगास एक कडवट अर्थ चिकटला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची सांथ ओळखली. कुलाबा जिल्ह्यांतून पोटासाठीं मुंबईस गेलेले लोक गिरणगांवांत व बंदराच्या वस्तींत दाटीवाटीनें राहत होते. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्याच्या बळावर अधिकारी घरांत शिरूं लागले. जमिनी खणल्या गेल्या, कार्बोलिक शिंपडलें गेलें, उजेड आंत यावा म्हणून छपरांचीं कौलें काढलीं गेलीं, आणि भिंतींना चुना फांसला गेला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ हीं इंग्रजी अक्षरें रंगवीत. पुण्यांत गोऱ्या सोजिरांनीं केलेल्या घरझडत्यांचा संताप कोठपर्यंत गेला, हें २२ जून १८९७ रोजीं रँडवर झालेल्या गोळीबारानें सर्व जगास कळलें. जी सफेती दसरा-दिवाळीस घरची माणसें हौसेनें देत, तीच परक्याच्या हुकमानें, देवघर-माजघर न पाहतां दिली गेली. पांढऱ्या भिंतीचा असा अपमान पूर्वीं झाला नव्हता.

यांतील दैवदुर्विलास असा, कीं प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळें होतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमों यानें १८९८ मध्यें मांडली, आणि १९०५ नंतर मुंबईंतील आयोगाच्या प्रयोगांनीं ती पक्की झाली. भिंतीस चुना फांसून पिसू जाणार नव्हती. परंतु ज्या कारणासाठीं चुना आला तें कारण चुकीचें ठरलें, तरी उजेडाचें महत्त्व मात्र मागें उरलें. क्षयाचे जंतु प्रत्यक्ष सूर्यप्रकाशांत मरतात हें रॉबर्ट कॉख यानें १८९० मध्येंच सांगितलें होतें. १८९८ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधारणा मंडळाचे प्रमुख ऑर यांनीं १९१२ च्या सुमारास असा आग्रह धरला, कीं खिडकीसमोरची इमारत साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेच्या वर जातां कामा नये, म्हणजे आकाशाचा तुकडा खोलींतून दिसेल. चाळीच्या खोलींत राहणाऱ्यास हे अंश कळले नसतील. पण त्या रेषेखालीं आपली खोली आहे, एवढें दुपारीं दिवा लावतांना कळत असे.

येथें थोडा हिशेब करावा लागेल. ताजी सफेती तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकीं साधारणतः चार-पंचमांश परत फेंकते. गेरूची भिंत फार तर एक-पंचमांश. भिंतीवरून भिंतीवर उजेड पुनःपुन्हां आदळतो हें ध्यानांत घेतलें, तर चोहोंकडून पांढऱ्या असलेल्या खोलींत तेवढ्याच खिडकींतून आलेला उजेड ढोबळ मानानें चौपट भासेल. माजघरांतल्या बाईला चौपट उजेड म्हणजे तांदळांतला खडा दिसणें, सुईंत दोरा ओंवतां येणें आणि तान्ह्या मुलाच्या अंगावरील पुरळ वेळेवर लक्षांत येणें. कौलांमध्यें एखादें कांचेचें कौल बसविण्याची चाल पुढें रुळली, तिचा पूर्ण लाभही खालची भिंत पांढरी असेल तरच मिळतो. त्या काळच्या माजघरापुरता तरी गडद कीं फिका या वादाचा निकाल फिक्याच्याच बाजूनें द्यावा लागतो.

मग गडद रंग परत आला कसा? तेलानें आणि विजेनें. जवसाच्या तेलांत खललेले विलायती रंग प्रथम दारें-खिडक्यांवर आले. त्यांतील पांढरा म्हणजे सफेता. तो शिशापासून केलेला व विषारी. घरांच्या अंतर्भागीं तो वापरूं नये असा करार जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें १९२१ मध्यें केला. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम मात्र २०१६ चा, आणि तो अंमलांत आला २०१७ च्या अखेरीस. मधल्या शंभरएक वर्षांत किती मुलांनीं खिडकीच्या गजांवरील पोपडे तोंडांत घातले असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टिटॅनियमचा निर्विष पांढरा निघाला. दुसऱ्या महायुद्धांत विलायती माल मिळेनासा झाला तेव्हां, १९४२ मध्यें, मुंबईंत चार मित्रांनीं एशियन पेंट्स हा कारखाना काढला. तेव्हांपासून देशी रंगाची बाजारपेठ वाढत गेली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत विजेचा दिवा खेड्यापाड्यांत पोंचला, आणि भिंतीनें उजेड उसना द्यावा ही गरज ओसरली.

गडद रंगाची खरी किल्ली मात्र रसायनशाळेंत सांपडली. १८२८ च्या निळीला शंभर वर्षें होतां होतां, १९२८ मध्यें, स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथें एक पांढरा पदार्थ तयार करीत असतां भांड्याचें आंतील मिन्याचें अस्तर तडकलें, उघड्या लोखंडाशीं संयोग झाला, आणि निळा गाळ सांपडला. त्यांतून पुढें थॅलोसायनीन या वर्गाचे रंग निघाले. तांब्याच्या योगानें झालेला निळा १९३५ मध्यें बाजारांत आला. तो उन्हानें उडत नाहीं, चुन्यानें मरत नाहीं, आणि त्याची रंगविण्याची शक्ति निळीच्या कित्येक पट. ज्या गर्द निळ्या-हिरव्या छटा चुन्यानें शतकानुशतकें नाकारल्या, त्या आतां हव्या त्या भिंतीवर देतां येऊं लागल्या.

आणि येथें ही हकीकत पुन्हां कुंडलिकेच्या कांठीं येते. रोह्याजवळ धाटाव येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९५१ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकल या कंपनीचा रंगद्रव्यांचा कारखाना रोह्यास आहे; थॅलोसायनीनचे निळे व हिरवे तिच्या मालांत मोडतात. या कंपनीनें २०२५ मध्यें जर्मनीच्या हॉयबाख समूहाचा रंगद्रव्यांचा धंदा विकत घेतला. ज्या गांवानें पूर्वीं रंग म्हणून पायाखालची माती आणि खाडींतला शिंपला एवढेंच जाणलें, त्या गांवाहून आज परदेशांतील भिंतींचे रंग जातात. औद्योगिक वसाहतीमुळें शेंकडों घरांस रोजगार मिळाला. नदीच्या प्रदूषित पट्ट्यांच्या सरकारी यादींत कुंडलिकेचें नांव आलें, हेंही त्याच जमाखर्चांत मांडावयाचें आहे.

आज रोह्यांत जीं नवीं घरें बांधलीं जातात त्यांना वळचण नसते, स्लॅब असतो. माजघर नसतें, दिवाणखाना असतो. गडद भिंत आतां चैनीची वस्तु झाली आहे, कारण तिचा उणा उजेड विजेच्या बिलांतून भरून काढतां येतो. बाहेरच्या बाजूस मात्र जुना हिशेब अजून सुटलेला नाहीं. वळचण गेल्यामुळें सारी भिंत उन्हांत तापते आणि पावसांत भिजते; गडद रंग ऊन अधिक शोषून घेतो, आणि पांढऱ्यावर दुसऱ्याच पावसाळ्यांत शेवाळाचे काळे ओघळ उतरतात. रंगारी यावर निरनिराळे उपाय सुचवितात. पण जोत्यालगतचा दोन-अडीच फुटांचा पट्टा रंगवावयाची वेळ आली, कीं पुष्कळ घरीं नमुन्यांचें पुस्तक मिटतें आणि तेथें विटकरी रंग लावला जातो.